तुमची आई काय म्हणायची?

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची. दोन बॅगा, भांड्यांचं एक खोकं आणि चित्रं काढायचा टॅबलेट, एवढाच माझा संसार. टॅबलेट प्रवासभर मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईंना राहवेना, आत काचेचं काही आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आत माझी आई आहे. त्यानंतर त्या खिडकीला चिकटून बसल्या आणि मला ऐसपैस जागा मिळाली.

घर झकास आहे. दुसरा मजला, एक खोली, एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघर इतकं चिंचोळं की फ्रिजचं दार उघडायचं तर आधी माणसाने बाहेर यायचं. पण खोलीत खिडकीपाशी टेबल नीट मावतं आणि सकाळचा उजेड डावीकडून येतो, म्हणजे माझ्याच हाताची सावली चित्रावर पडणार नाही. घरमालकीणबाईंनी किल्ल्या देताना भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत हे इतक्या वेळा बजावलं की मला आता एखादा ठोकावासा वाटू लागलाय. खाली शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या मशीनची थरथर फरशीतून तळपायांना जाणवते. एकटीला तेवढीच सोबत.

दादाला फोन करून पोचल्याचं कळवलं. जाहिरातीतली चांगली चालती नोकरी सोडून कॉमिक काढत बसणारी बाई त्याने आजवर पाहिली नव्हती म्हणे. मी म्हटलं, बघून घे, तुझ्याच घरातली आहे. इतकी वर्षं टूथपेस्टसाठी दात दाखवणारी कुटुंबं काढली, आता आमचं काढते. आमच्यात दात कमी दिसतात.

६ फेब्रुवारी

आज टेबल लागलं, इंटरनेट लागलं, आता कामाला लागायला हरकत नाही. नव्या घरात रोज चार ओळी लिहायच्या असं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतं.

कॉमिकचं नाव ‘आईचा पाढा’. दर गुरुवारी सकाळी चार चौकटी, इंटरनेटवर, ज्याला वाटेल त्याने वाचाव्यात. गेल्या वर्षी आई गेली आणि त्यानंतर हाताला दुसरं काही काढायचंच सुचेना. बुटकी, गोल, तपकिरी स्वेटर, कपाळावर सरकवलेला चष्मा. काढायला सोपी आहे आई.

ती बसच्या आगारात माइकवर असायची. कुठली गाडी कुठे लागली, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय, हे सगळं दिवसभर तिच्या तोंडून. त्यामुळे घरी आली की घशाला सुट्टी. बोलायचीच नाही. जेवायला बोलवायचं तर ताटलीवर चमचा वाजवायची. रागावली तर चष्मा काढून समोर ठेवायची, आणि बिनचष्म्याच्या आईपुढे दादा आणि मी सुतासारखे सरळ व्हायचो. खूश असली तर शेजारी येऊन बसायची. खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, आणि एक अक्षर बोलायची नाही. साऱ्या गावाला जिचा आवाज पाठ, तिचा आवाज आमच्या वाट्याला उरलासुरला यायचा. कॉमिकचा सगळा विनोद त्यातच आहे आणि, खरं सांगायचं तर, सगळं रडूही.

दादा वाचत नाही. घरचं चव्हाट्यावर मांडलंय म्हणतो. बाबा त्याच्याकडेच असतात, त्यांना फोनमधलं काही वाचता येत नाही.

पण वाचणारे वाचतात. थोडे आहेत, पण जिवाला जीव देणारे. माझा नियम असा की भाग टाकला की पहिला अख्खा दिवस फक्त उत्तरं द्यायची, एकही कमेंट कोरडी जाऊ द्यायची नाही, आणि प्रत्येक उत्तराखाली आईचं एक इवलंसं चित्र. त्याने माणसं टिकतात. चष्मेवाली आहे, ती माझ्या चुका काढते. निवृत्त मास्तर आहेत, ते चष्मेवालीच्या चुका काढतात. आणि बिनआईची आहे. हे तिने स्वतःच घेतलेलं नाव. ती संस्थेत वाढली. आईला तिने पाहिलेलं नाही, माझ्याही नाही आणि स्वतःच्याही नाही. तिने एकदा लिहिलं होतं की एकेक भाग ती दिवसातून किती वेळा वाचते ते सांगणार नाही, कारण मी हसेन. मी हसले नव्हते.

२० फेब्रुवारी

गाडी अडली. न बोलणारी आई किती दिवस काढणार? चमचा काढून झाला, चष्मा काढून झाला, शेजारी बसणं तर इतक्या कोनांतून काढलंय की आता सोफाच जास्त ओळखीचा वाटतो. वाचक हळूहळू पांगताहेत. चष्मेवालीने स्पष्टच लिहिलं, की तुमची आई गोड आहे पण तोंड उघडत नाही, नावात पाढा आहे तो वाचणार कधी?

खूप विचार केला. आईची बोललेली वाक्यं आठवून कागदावर मांडली. मूठभर निघाली.

मग दुपारी एक कल्पना सुचली आणि मी खुर्चीतून उठून चक्क नाचले. खाली शिंप्याचं मशीन थांबलं, बिचारा घाबरला असेल. कल्पना अशी: शेवटच्या चौकटीत आईच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा काढायचा, पण रिकामा. खाली विचारायचं, तुमची आई काय म्हणायची? वाचकांनी वाक्यं पाठवायची, सगळ्यात चांगलं असेल ते फुग्यात भरायचं आणि पुढच्या गुरुवारी पूर्ण भाग टाकायचा. माझ्या आईला वाक्यं मिळतील आणि लोकांच्या आयांना जागा.

२७ फेब्रुवारी

बांध फुटला. कमेंट वाचता वाचता चहा दोनदा गार झाला. मी मेले की कळेल तुम्हाला. आरशात बघून पोट भरतं का? जरा म्हणून घरात पाय ठरत नाही. माझ्या हाताला काय यंत्र लावलंय? एकीकडे हसत होते, एकीकडे डोळे पुसत होते. बहुतेकांच्या आया आता नाहीत. वाक्याखाली कुणी तारीख लिहिलीय, कुणी फक्त एक टिंब दिलंय.

पहिला मान चष्मेवालीच्या आईला दिला: हे घर आहे की धर्मशाळा? माझ्या आईच्या तोंडी ते वाक्य असं चपखल बसलं की मीच चाट पडले.

बिनआईचीने लिहिलं की तिच्याकडे पाठवायला काही नाही, ती नुसती वाचेल, चालेल ना. मी उत्तर दिलं, चालेल काय, धावेल.

१३ मार्च

भरभराट. दर आठवड्याला माणसं वाढताहेत, लोक आपापल्या भावंडांना घेऊन येताहेत. एकाच वाक्यावर समाधान होईना म्हणून आता मी चारही चौकटींत फुगे ठेवते. अख्खा भाग वाचकांच्या आयांचा. मला काय, हात चालवायचा.

आज सामान घेऊन परत आले तर बेसिनमध्ये टाकून गेलेला कप धुऊन पालथा घातलेला. पांघरुणाची घडीही झालेली. माझ्या हातून घडी होते हा शोध मलाच नवा आहे. यशाने माणूस सुधारतो म्हणतात, ते हेच असेल.

१९ मार्च

नीट लिहायचा प्रयत्न करते.

दुपारी टेबलापाशी होते. स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं, हे घर आहे की धर्मशाळा. मोठ्याने नाही, पुटपुटल्यासारखं. मी उठून गेले. बेसिनपाशी आई पाठमोरी उभी होती. तोच तपकिरी स्वेटर, कोपराला उसवलेला. पाण्याचा नळ चालू होता.

मी घाबरले नाही. खरंच नाही. उंबऱ्यावर बसले आणि इतकी रडले की आई गेली तेव्हाही तेवढी रडले नव्हते. मान वर केली तेव्हा नळ ठिबकत होता आणि कुणी नव्हतं. बशा मात्र पुसून लावलेल्या होत्या.

वेड लागलं असेल तर लागू दे. कुणाचं काय जातंय?

२ एप्रिल

रोज येते. उजेड खिडकीतून सरकून भिंतीवर गेला की स्वयंपाकघरात खुडबूड सुरू होते. मी आत जात नाही, दारातूनच बघते. तोंड दिसत नाही. पण बोलते. केवढं बोलते. लहानपणापासूनचा सगळा अनुशेष भरून काढतेय असं वाटलं आणि मी टेबलापाशी बसून हावरटासारखी ऐकत राहिले.

मग आज लक्षात आलं की ती बोलते ती सगळी वाक्यं मी छापलेली आहेत. त्या पलीकडचं एक नाही. आवाजही दिवसभर माइकवर बोलून बसलेला नाही, स्वच्छ आहे.

गंमत म्हणून मी ताटलीवर चमचा वाजवला. आईला तो आवाज झोपेतही कळायचा. ती वळली नाही. म्हणाली, ताटल्या काय बडवतेस, डोकं उठलं माझं. ते गेल्या आठवड्यातलं. निवृत्त मास्तरांच्या आईचं.

१२ एप्रिल

दादाशी फोनवर बोलताना सहज म्हटलं, आई कशी म्हणायची ना, घर आहे की धर्मशाळा. तो म्हणाला, कुणाची आई? आपली तर तोंडच उघडायची नाही, नुसता चष्मा काढून ठेवायची आणि आपली पाचावर धारण बसायची.

चष्मा? मला वाटलं तो थापा मारतोय. आई रागावली की उलथनं फेकायची. मला लख्ख आठवतंय, ते भिंतीला लागलेलं, खाली पडलेलं, त्याचा आवाज. मी तसं म्हटलं. दादाने आधी मी नीट जेवतेय का ते विचारलं. मग म्हणाला की मी जरा हवापालट करावा.

फोन ठेवल्यावर जुने भाग काढून बघितले. चष्मा होता. माझ्याच हाताच्या रेषा, माझ्याच शाईचा रंग. आई चष्मा काढून टेबलावर ठेवतेय आणि दोन पोरं ताठ बसलीत. मी ते केव्हा काढलं, का काढलं, काही आठवेना. उलथनं चष्मेवालीच्या आईचं होतं. मार्चमधल्या भागात मीच ते काढलंय.

स्वयंपाकघरात ती कुणालातरी छकुली म्हणत होती. मला कधी कुणी छकुली म्हटलेलं नाही. असं मला वाटतं.

२४ एप्रिल

फुगे बंद करते असं जाहीर केलं. कारण दिलं नाही, कामाचा ताण म्हटलं.

दिवसभर मेसेज येताहेत. शिव्या असत्या तर बरं झालं असतं. सगळे अजिजीने लिहिताहेत. एका माणसाची आई जानेवारीत गेली. तिचं वाक्य मी मागच्या महिन्यात फुग्यात घातलं होतं. तो लिहितो की एरवी ती कुठेच सापडत नाही, फक्त गुरुवारी तुमच्याकडे बोलते, कृपा करून तिचं तोंड बंद करू नका.

कुणाला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. संध्याकाळी लिहून टाकलं की फुगे चालू राहतील. तासाभरात आभारांचा पाऊस. बिनआईचीने आज काहीच लिहिलं नाही. हल्ली ती गप्पच असते.

८ मे

नवी वाचक आहे, कोपऱ्यातली नावाची. तिचा लांबलचक मेसेज आला. तिचा धाकटा भाऊ खेळायला म्हणून बाहेर गेला तो परतलाच नाही. त्यानंतर तिची आई तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावायची आणि दारापलीकडून म्हणायची, बाहेर गेलेलं माघारी येत नाही, तू इथेच बस. कित्येक वर्षं. कोपऱ्यातलीने लिहिलंय की हे वाक्य छापा, कारण सगळ्यांच्या आया इतक्या गोड वाचून तिला फार एकटं वाटतं.

नाही छापणार असं ठरवलं. मग दिवसभर तिचं वाक्य डोक्यातून जाईना. खरं होतं ते. गोडगोड छापत बसणं हाही एक खोटेपणाच ना? छापलं. एवढे लोक कुठल्याच भागाला आले नव्हते. सगळे रडले, सगळ्यांनी कोपऱ्यातलीला जवळ केलं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

१० मे

जिन्यात शिंपी भेटला. घर पाहुण्यांनी भरलेलं दिसतंय म्हणाला. दुपारभर बायकांचा गलका ऐकू येतो म्हणे, मावश्या, आत्या, काकवा सगळ्या एकदम आल्यात की काय. चांगलं आहे, एकटीला सोबत झाली, असंही म्हणाला. मी हसले. दुसरं काय करणार होते?

आज स्वयंपाकघरात पाठमोरी होती तिचा स्वेटर तपकिरी नव्हता. तिच्यामागे आणखी एक होती. चिंचोळी जागा. एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

१६ मे

काल दुपारी खोलीचं दार आपोआप लागलं आणि बाहेरून कडी सरकली. पलीकडून बाई बोलत होती. बाहेर गेलेलं माघारी येत नाही. तू इथेच बस. हळू बोलत होती, मायेने. मी दार बडवलं, फरशीवर पाय आपटले. शेवटी शिंपी वर आला. घराचं दार उघडंच होतं म्हणाला, आणि खोलीला बाहेरून कडी होती. तुमच्या कुठल्या मावशीने हा चावटपणा केला म्हणून विचारलं. मी सांगितलं नाही. कोणती म्हणून सांगू?

आता मला कळलंय. एक वाक्य आत येतं, तेव्हा त्याच्यामागून त्याची आई येते. आणि तिला जागा करून द्यायला माझ्यातलं काहीतरी जातं. चष्मा गेला. चमचा अजून आहे, या डायरीत आधी लिहिलाय म्हणून माहीत आहे, पण तो वाचताना दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाचतेय असं वाटतं. या सगळ्या परक्या बायकांशी मला काही देणंघेणं नाही. मला माझी आई पाहिजे. तिचं जे काही थोडंथोडकं माझ्याकडे होतं तेच मी दर गुरुवारी वाटत बसले.

दादाला सगळं आठवतं. उद्या त्याला विचारून लिहून घेते.

१७ मे

दादाने फोन उचलला तोच हुंदके देत. माझी काळजी वाटली म्हणून त्याने गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच ‘आईचा पाढा’ उघडला. सगळे भाग एका बैठकीत वाचले. हुबेहूब आपली आई आहे म्हणाला. चव्हाटा म्हटल्याबद्दल मला माफ कर म्हणाला.

मी चष्म्याचं विचारलं. कुठला चष्मा, असं म्हणाला. कडीचा भाग वाचून तर त्याच्या अंगावर काटा आला, कारण आई आपल्याला अशीच कोंडायची, तुला आठवत नाही का?

कोंडायची नाही रे. एकदाही नाही. मला एवढं अजून माहीत आहे.

बाबांना दे म्हटलं. बाबांनी एकही भाग पाहिलेला नाही, त्यांचा तरी भरवसा. ते फोनवर आले आणि हसून म्हणाले, फार बोलायची गं तुझी आई, कान किटायचे अगदी. दादा त्यांना रोज वाचून दाखवतोय. हल्ली त्यांची तब्येत सुधारलीय. घरी आलेली आई एखादा शब्द बोलेल म्हणून जन्मभर तिच्या तोंडाकडे बघत बसणारा माणूस, आता ती किती बोलायची ते मला सांगत होता. खुशीत होता. हो म्हटलं. कान किटायचे, म्हटलं.

२३ मे

सगळे भाग काढून टाकले. मुळापासून.

दुपारपर्यंत वाचकांनी परत चढवले. प्रत्येकाकडे प्रती आहेत. काळजी करू नका, आम्ही जपून ठेवलंय, असं लिहिलंय. खाली एकेक बदाम.

आईचा चेहरा काढायला बसले. टॅबलेट नको म्हणून साध्या कागदावर, पेन्सिलने. पहिला चेहरा कुणा दुसरीचा आला. दुसराही. गोल चेहरा, इथपर्यंत जमतं. मग डोळे काढायचे तर — कुठले?

टेबलाभोवती फाडलेले कागद. मागून कुणीतरी म्हणालं, केर कोण काढणार, तुझी आई?

२६ मे

पोट भरलं असलं तरी वाढतात. नको म्हटलेलं कुणालाच चालत नाही. एक केस ओढून विंचरते. एक नुसती टोमणे मारते. एक फार चांगली आहे, कपाळावर हात ठेवते, पण तीही मला सोन्या म्हणते, आणि तो सोन्या मी नाही.

सगळ्यांना तोंडं आहेत आता. नको होती.

शिंप्याला हाक मारली. त्याने खालूनच सांगितलं की आईच्या मायेचा असा त्रास मानू नये. तोही वाचतो म्हणे. त्याच्या आईचं एक वाक्य त्याने मागेच —

३ जून

एकच जण उरलीय. बिनआईची. तिने कधी वाक्य दिलं नाही, तिच्याकडे नव्हतंच. तिने फक्त घेतलं. पहिले भाग तिला तोंडपाठ असतील, फुगे सुरू व्हायच्या आधीचे, खऱ्या आईचे.

तिला लिहिलं. सगळं लिहिलं, लाज न बाळगता. म्हटलं, माझी आई कशी होती ते मला सांग.

उत्तर नाही.

५ जून

उत्तर आलं. इथे उतरवते, लॅपटॉपचा भरवसा नाही.

ती लिहिते की सांगू की नको यात तीन महिने गेले. मी रागावेन अशी भीती वाटली, शिवाय तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. मी फुगे भरायला लागले त्याच सुमारास तिच्या खोलीत एक बाई यायला लागली. बुटकी, गोल. तपकिरी स्वेटर. काही बोलत नाही. बिनआईची कामावरून दमून येऊन बसली की ती शेजारी येऊन बसते, खांदा लागेल इतक्या जवळ. बस. माझ्या घरात गर्दी झाली आणि तिला कुठे उभं राहायलाही जागा उरली नसेल, म्हणून ती आली असेल, असं बिनआईचीला वाटतं. पुढे लिहिलंय की तिने आयुष्यात कधी कुणाचं काही चोरलं नाही आणि हेही चोरलेलं नाही. परत कसं पाठवायचं ते कळलं असतं तर पाठवलं असतं, पण खरं सांगायचं तर तिचं धाडस झालं नसतं.

मला राग आला. मग इतकी असूया वाटली की उठून उभी राहिले. मग काहीच उरलं नाही. आई आहे, बरी आहे, कुणाच्या तरी शेजारी बसलीय, आणि ज्या पोरीला कुणीच नव्हतं तिच्या शेजारी बसलीय. तिला शोभेल अशीच गोष्ट आहे ती. माझी आई आगारात हरवलेली पोरं सांभाळायची —

मला हे आठवलं. हे माझं आहे. हे कुणी पाठवलेलं नाही.

८ जून

बिनआईचीचा आणखी एक मेसेज. ती म्हणते, तुमचा काही निरोप असेल तर द्या. मी वाचून दाखवेन. ती ऐकते, मान हलवते.

लिहायला बसले आणि लॅपटॉप मिटला गेला. माझ्या हातांवर. पुरे झालं ते डोळे फोडणं, असं स्वयंपाकघरातली एक म्हणाली. नेला. फोनही नेला.

१० जून

कडी कालपासून. बाहेर सगळ्या बोलताहेत, एकदम, आपापली वाक्यं. जेवायला बोलवताहेत. हाका मारताहेत — छकुली, सोन्या, बाळ्या — माझं नाव त्यात नाही.

निरोप पाठवायला काही साधन उरलेलं नाही. तरी इथे लिहून ठेवते. कुणाला सापडलं तर तिच्यापर्यंत —

काय लिहू? जे सुचतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी आईचं निघतं. वेळेवर जेव. जिवाला जप. पोचलीस की कळव. सगळी छापलेली. एवढी वाक्यं गोळा केली आणि तिला सांगायला माझं एक नाही.

११ जून

कडी हलतेय. आत येताहेत.

सुचलं. वाक्य नको. तिला बोलण्याचा कंटाळाच होता. बिनआईची, तू तिच्या एका बाजूला बसतेस ना? तिला एवढंच विचार, दुसऱ्या बाजूला जागा आहे का. असली तर म्हणावं थोडं सरकून घे, मी काही बोलणार नाही, मी नुसती येऊन